गिरवायचे कागद कापायला द्या

नाशिकच्या एका आईचा प्रश्न आहे. मुलगा चार वर्षं दोन महिन्यांचा, ज्युनियर केजीत. खडू अजून मुठीत धरतो, कात्रीला हात लावत नाही. शाळेतून निरोप आला, ‘हात तयार नाही, घरी सराव घ्या.’ म्हणून आईने नेटवरून ठिपक्यांवर गिरवायचे चाळीस कागद छापून आणले. दोन झाले, तिसऱ्याला रडारड. आता त्या विचारतात, छापून घेऊन करता येतील अशा सोप्या हस्तकला कोणत्या, रोज किती वेळ करायच्या, आणि यात काळजीचं काही आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं डोक्यात शिरत नाही. चार वर्षांच्या मुलाने खडू कधी बोटांत, कधी मुठीत धरला तर मी लगेच घाबरत नाही. तीन बोटांची पकड साधारण साडेतीन-चारच्या सुमाराला दिसू लागते. तेव्हाही बोटं ताठच असतात, हलतं ते मनगट, नाहीतर अख्खा हात. नुसती बोटं हलवून लिहिणं बऱ्याच मुलांना पाच-सहाच्या आसपास जमतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती जवळजवळ सगळी मऊ, लवचीक कूर्चेची असतात आणि मग वर्षानुवर्षं एकेक करत हाडं बनत जातात. वाटाण्याएवढं शेवटचं हाड तयार व्हायला तर आठ ते बारा वर्षं लागतात. ‘अजून हात कच्चा आहे’ असं आपल्या आज्या म्हणायच्या, ते शब्दशः खरं आहे.

काळजी कशाची करायची? मूल एकच हात वापरतं आणि दुसरा अंगाशी दुमडून ठेवतं. वस्तू उचलताना हात थरथरतो. पूर्वी जमणारं आता जमेनासं झालंय. साडेचार-पाचलाही मोठं बटण, चमचा, बाटलीचं झाकण यांतलं काहीच जमत नाही. यांपैकी काही दिसलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते गरज वाटल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं हाताला जमावीत म्हणून उपचार आणि सराव देणाऱ्या तज्ज्ञाकडे, पाठवतील. दीड वर्षाच्या आतच मूल ठामपणे एकच हात वापरू लागलं, तर तेही दाखवून घ्यावं. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही. तुमचा मुलगा ठिपके गिरवायला कंटाळलाय, एवढंच दिसतंय. त्याच्या जागी मीही कंटाळले असते.

मी बालवाडीत सव्वीस वर्षं काढली. पहिली काही वर्षं वस्तीतल्या बालवाडीत होते, तिथे प्रिंटर सोडाच, कोरा कागदसुद्धा मोजून मिळायचा. आता उलट झालंय. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे दोन-पाच रुपयांत हवं ते छापून मिळतं, त्यामुळे घराघरात गठ्ठे साठलेत. गंमत अशी, की छापील कागद म्हटला की आपल्याला तो फक्त ‘भरायचा’ असतो असंच वाटतं. ठिपके जोडा, रंग भरा, गोल करा. मूल एका हाताने पेन्सिल ओढतं, दुसरा हात बाकाखाली लोंबत असतो. पेन्सिलीच्या टोकाला कागद काही फारसा उलटा जोर लावत नाही. आणि जोर लागल्याशिवाय स्नायू कसा तयार होणार? तोच कागद फाडायचा, चोळामोळा करायचा, कापायचा, दुमडायचा, चिकटवायचा असेल तर दोन्ही हात कामाला लागतात आणि बोटांना जोर काढावा लागतो. छापलेल्या चित्राचं काम इतकंच, की कुठे फाडायचं आणि कुठे थांबायचं ते मुलाला दिसावं.

हे मी काही नवीन शोधून सांगत नाही. फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ साली जर्मनीत जी बालशाळा काढली आणि पुढे जिला किंडरगार्टन नाव दिलं, तिथल्या हस्तकामांत कागद दुमडणं, पट्ट्यांची चटई विणणं, कागदाला टोचून चित्र काढणं हे सगळं होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, शंख-शिंपले, माती असंच साहित्य मुलांच्या हाती दिलं. मला बालवाडीचं पहिलं प्रशिक्षण देणाऱ्या बाई त्याच वळणाच्या होत्या. त्या म्हणायच्या, पोराच्या हातात काय दिलं ते मला सांगू नका, त्या हाताने काय केलं ते सांगा.

पहिला उपक्रम फाडण्याचा. अर्ध्या कागदाएवढा मोठा एकच आंबा छापून घ्या. रेषा चांगली जाड हवी, निदान अर्धा सेंटिमीटर. आत काही नक्षी नको. सोबत पिवळा-केशरी घोटीव कागद, किंवा जुन्या मासिकातली तशा रंगांची पानं. मुलाने त्याचे तुकडे फाडायचे आणि आंब्यात चिकटवायचे. सोपं वाटतं ना? पण पहिल्यांदा करताना बघा. मूल कागदाची दोन टोकं मुठींत धरतं आणि दोन्हीकडे ओढतं, रस्सीखेच केल्यासारखं. कागद फाटत नाही, मूल चिडतं. फाडायला दोन्ही अंगठे एकमेकांच्या नाकाला नाक लावून शेजारी यावे लागतात, मग एक हात आपल्याकडे येतो, दुसरा पलीकडे जातो. दोन हातांनी एकाच वेळी उलटसुलट काम करायचं, ही खरी गोम आहे. मी मुलांना सांगते, ‘दोन अंगठ्यांची गट्टी करा, आता भांडण लावा.’ सुरुवात त्यांना होत नसेल तर काठावर मी एक बारीक चीर देऊन ठेवते.

वर्तमानपत्र देत असाल तर एक जादू दाखवा. ते वरून खाली फाडलं तर सरळ पट्टी निघते, आडवं फाडलं तर वेडंवाकडं जातं. कागदाचे तंतू एका दिशेला असतात म्हणून हे होतं. हे मुलांना समजावायच्या फंदात पडू नका, त्यांचं त्यांना कळू द्या. माझ्या वर्गातल्या एका मुलीने पाऊण तास नुसत्या पट्ट्या फाडल्या होत्या. आंबा तसाच राहिला. मी तो पूर्ण करवून घेतला नाही. तिचं काम झालं होतं.

चिकटवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरातली निम्मी भांडणं इथेच होतात. बाटली हातात दिली की मूल ती पिळतं, कागदाचं थारोळं होतं, इंकजेटची शाई असेल तर चित्रही ओघळतं. म्हणून बाटली देऊ नका. मैद्याची खळ करा, नाहीतर थोडं फेविकॉल बाटलीच्या झाकणात काढून द्या. आणि माप सांगा, ‘मुंगीला पुरेल एवढंच.’ पहिलं बोट खळीत बुडवून एक ठिपका लावायचा. काही मुलांना बोट चिकट झालेलं अजिबात खपत नाही, ती रडायलाच लागतात. त्यांना लाडावलेली म्हणू नका. शेजारी ओलं फडकं ठेवा, खळीला कान साफ करायची काडी किंवा आइस्क्रीमची काडी द्या, आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बोट लावून बघा म्हणा.

दुसरा उपक्रम माझा सगळ्यात लाडका, आणि त्याला खर्च दहा रुपये. टिकल्यांचं पाकीट. कागदावर मोरपिसारा, सुरवंट, पावसाचे थेंब, डाळिंबाचं झाड, काहीही छापा, फक्त त्यात गोल ठिपके हवेत, टिकलीपेक्षा किंचित मोठे. मुलाने एकेक टिकली सोलायची आणि ठिपक्यावर बसवायची. टिकली कागदावरून सुटताना अंगठा आणि पहिलं बोट यांच्या अगदी टोकांनी ती पकडावी लागते. नख लावावं लागतं. मग ती बोटालाच चिकटते, ती दुसऱ्या हाताने सोडवावी लागते. एका टिकलीत इतकं काम! आणि मूल रडत नाही, कारण पिसारा भरत जातो ते त्याला दिसतं. आधी मोठ्या टिकल्या घ्या, चार-सहा दिवसांनी मधल्या, मग बारीक. टिकली निघतच नसेल तर पाकिटाचा पुठ्ठा मागे वाकवून द्या, कड उचलली जाते. ठिपके डावीकडून उजवीकडे एका ओळीत छापले तर पुढे लिहिताना लागणारी नजरेची दिशाही आपोआप बसते. ठिपक्यांच्या रांगोळीचा चार बाय चारचा साचा छापून त्यावर टिकल्या लावायला दिल्या तर एरवी पळापळ करणारी मुलंही जागची हलत नाहीत.

इथेच रांगोळीचं सांगते, ती छापील नसली तरी. रांगोळी चिमटीत धरून सोडायला अंगठा आणि दोन बोटं लागतात, पेन्सिल धरायला लागतात तीच. छापलेल्या जाड रेषेवर आधी खळीचं बोट फिरवायचं आणि त्यावर चिमटीने रांगोळी किंवा रवा सोडायचा. वाळल्यावर रेषा उंच येते, मग डोळे मिटून त्यावर बोट फिरवता येतं. दिवाळीच्या आधी हे करा, आजीला सोबत बसवा, तिच्या हातातली चिमट बघून मूल जे शिकेल ते मी लिहून सांगू शकणार नाही.

आता कात्री. तुमचा मुलगा हात लावत नाही म्हणता, म्हणजे बहुधा कुणीतरी ‘हात कापशील’ म्हणून ती काढून घेतली असणार. बोथट टोकाची पण धारदार पात्यांची लहान मुलांची कात्री आणा. पूर्ण प्लास्टिकची, कागद न कापता नुसता दुमडणारी कात्री आणू नका. तिच्याने मूल शिकत नाही, हरतं. मूल डावरं असेल तर डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. तिची पाती उलट बसवलेली असतात. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की कापायची रेघ पात्याआड लपते आणि पाती एकमेकांपासून फाकतात. आपण मात्र म्हणत राहतो, याला जमत नाही. आणि हात बदलायला लावू नका, एवढं तरी आता सगळ्यांना पटलं असेल अशी आशा आहे.

कापायची सुरुवात रेषेवरून नको. दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या करा, जाड कागदाच्या. कात्री एकदा उघडली, एकदा मिटली की तुकडा पडला पाहिजे. तुकडा पडला की मूल हसतं, आणि पुन्हा उघडतं. कागदाचं म्हणाल तर नेहमीचा झेरॉक्सचा कागद ७०-८० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असतो, तो शिकणाऱ्या हातात लुळा पडतो, पात्यांत दुमडतो. १५०-१६०च्या आसपासचा कार्डपेपर छापायला मागा. नाहीतर घरात लग्नपत्रिका असतातच. त्यांच्याइतका कापायला छान कागद मी पाहिला नाही, फक्त गणपतीचं चित्र आधी काढून ठेवा, नाहीतर सासूबाईंचं आणि तुमचं वाजेल.

पट्ट्यांचे तुकडे सहज पडायला लागले की ‘केस कापायचं दुकान’ काढा. कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात एक चेहरा छापा, टक्कल असलेला. वरचा अर्धा भाग केसांचा. त्यावर वरून खाली, डोक्यापर्यंत येणाऱ्या सरळ जाड रेषा, दोन-दोन सेंटिमीटरवर. मुलाने रेषांवरून कापत यायचं, केस सुटे होतात, मग पेन्सिलीला गुंडाळून कुरळे करायचे, हवे तर भादरायचे. गिऱ्हाईक कोण, बाबा की शेजारचे काका, ते मूल ठरवतं. आमच्या वर्गात एकदा सगळ्यांनी माझेच केस कापले होते.

या खेळात एक गोष्ट दडलेली आहे. डोक्यापाशी आलं की थांबायचं. कात्री चालवण्यापेक्षा थांबवणं अवघड, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही. थांबायच्या जागी आडवी लाल रेघ किंवा ठळक टिंब छापा आणि ‘सिग्नल लागला’ म्हणा.

मूल कापत असताना त्याच्या कोपराकडे बघा. तो पंखासारखा वर गेला असेल तर अंगठा खाली वळलेला असणार, आणि कात्री पोटाकडे येणार. वर्गात मी मुलांच्या अंगठ्याच्या नखावर स्केचपेनने दोन डोळे आणि एक हसू काढते. ‘हा आभाळ बघतोय का जमीन?’ एवढं विचारलं की हात आपसूक सरळ होतो. ‘नीट धर’ असं शंभर वेळा सांगून जे होत नाही ते नखावरच्या दोन टिंबांनी होतं. दोन्ही हातांचे अंगठे वर हवेत, कागद धरणाऱ्या हाताचासुद्धा. कोपर सुटतच नसेल तर बगलेत एक रुमाल धरायला द्या, तो पडता कामा नये. पाय जमिनीवर टेकलेले हवेत, सोफ्यावर लोंबणारे पाय घेऊन कुणालाच नीट कापता येत नाही. चटईवर मांडी घालून बसवलं आणि पुढे पाट ठेवला तर उत्तम.

पुढचा क्रम साधारण असा जातो: दोन-अडीच वर्षांला नुसते तुकडे, तीनच्या पुढे कागद आरपार, साडेतीन-चारला सरळ रेषेवरून, चार-पाचला वळण आणि वर्तुळ, पाच-सहाला चौकोन आणि कोपरे. पण हे माझ्या वर्गातलंही प्रत्येक मूल पाळत नाही. ज्या मुलाने चौथ्या वर्षापर्यंत कात्री पाहिलीच नाही, त्याने दोन वर्षांच्या पायरीपासूनच सुरुवात करायची, फक्त तो भराभर वर येईल. रेषेची जाडी हे तुमच्या हातातलं हत्यार आहे. आधी एक सेंटिमीटर जाड रस्ता, मग अर्धा, मग स्केचपेनच्या रेघेएवढा. रस्त्याच्या आत कुठेही कापलं तरी बरोबर. वळणाची पहिली गंमत म्हणजे नाग. गोल गोल आत जाणारी गुंडाळी छापा, शेपटीपासून कापत आत फण्यापर्यंत जायचं. इथे कात्रीचा हात जागेवर राहतो आणि दुसरा हात कागद फिरवतो. दोऱ्याला टांगला की पंख्याच्या वाऱ्यावर नाग डोलतो. नागपंचमीच्या सुमाराला आमच्या वर्गात वीस-पंचवीस नाग छताला लोंबत असतात, आणि त्यांतले निम्मे मधेच तुटलेले असतात. तुटलेल्यांना मुलं पिल्लं म्हणतात.

तुमच्या मुलाला हे सगळं जमायला सहा-आठ महिने लागले तरी चालतील. पाच वर्षांचा झाला की दिवाळीला कंदील करून घ्या. रंगीत ए-फोर कागद लांबीत मधोमध दुमडायचा. दुमडीच्या कडेपासून सुरू होणाऱ्या दोन-दोन सेंटिमीटरवरच्या रेषा छापलेल्या असाव्यात, आणि सुट्या कडेपासून तीन सेंटिमीटर आत थांबायची लाल रेघ. कापून उघडायचा, गोल करायचा, कडा चिकटवायच्या. दुमडताना कोपऱ्यावर कोपरा ठेवून अंगठ्याच्या नखाने घडी घोटायची. हे नखाने घोटणं करायला विसरू नका, त्याला बऱ्यापैकी जोर लागतो. कंदील दारात लागला की येणाऱ्या-जाणाऱ्याला मूल स्वतः सांगतं, मी केलाय.

ओवण्याच्या पत्त्यांबद्दल थोडक्यात. मासा, पान, चप्पल असा साधा आकार छापून खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवा, कडेने दोन-दोन सेंटिमीटरवर पंचिंग मशीनने भोकं पाडा, बुटाची नाडी द्या. नाडीचं टोक उसवलेलं असेल तर सेलोटेपने आवळून टाका, नाहीतर मूल भोकाशी झगडण्यातच दमेल. मूल सुरुवातीला नाडी वरून घालतं आणि कडेवरून फिरवून पुन्हा वरूनच घालतं. वर-खाली, वर-खाली हे कळायला वेळ लागतो. चटई विणणं साधारण याच्या पुढचं, साडेचारच्या पुढे.

रंगवायची चित्रं मुलाला आवडत असतील तर छापा, पण टेबलावर नको. दरवाज्याला किंवा कपाटाला, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटपट्टीने लावा. उभ्या कागदावर रंगवताना मनगट मागे वाकतं, खांदा काम करतो, आणि बोटांना आपोआप हवी तशी जागा मिळते. दुसरं, लांब नवे खडू देऊ नका. जुने मेणखडू मोडून बोटाच्या एका पेराएवढे तुकडे करा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो. तुमच्या मुठीच्या प्रश्नाला माझं निम्मं उत्तर हेच आहे. महागडे त्रिकोणी ग्रिप आणायच्या आधी पंधरा दिवस हे करून बघा. शेवटची दोन बोटं सारखी मधे येत असतील तर त्यांच्याखाली कापसाचा छोटा बोळा धरायला द्या, ‘हा उंदीर झोपलाय, उठवायचा नाही’ म्हणून.

मग गिरवणं कधीच नाही का? आहे, पण शेवटी, आणि ठिपक्यांवरून नाही. ठिपके जोडताना मूल एका ठिपक्याशी थांबतं, पुढचा शोधतं, तिथवर जातं, पुन्हा थांबतं. अक्षराची सलग ओढ हाताला कळतच नाही. शिवाय ‘म’चा दंड खालून वर काढला तरी कागद काही बोलत नाही, आणि तीच सवय बसते. त्यापेक्षा पोकळ जाड रेषेचा रस्ता छापा, सुरुवातीला हिरवं टिंब, आणि त्यावरून आधी बोट, मग खेळण्यातली गाडी, मग खडू फिरू दे. आकारांचाही क्रम असतो. उभी रेघ आधी येते, मग आडवी, तीनच्या सुमाराला गोल, चारला अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, तिरप्या रेघा आणि त्रिकोण त्याच्याही नंतर. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला तिरपी रेघ जमत नसेल तर त्याचं काही चुकलेलं नाही. जुनी माणसं पाटीवर ‘ग म भ न’ने सुरुवात करायची, ‘अ’ने नाही. त्यामागे शहाणपण होतं. चारही अक्षरांत उभा दंड आहे, हाताला तीच ओढ पुन्हा पुन्हा मिळते. ‘अ’ हे काढायला फार अवघड अक्षर आहे, ते केवळ पहिलं आहे म्हणून आपण आधी शिकवतो.

वेळ विचारलात. दहा मिनिटं. मूल रमलं तर जास्त, उठलं तर चारच. आठवड्याला तीन-चार छापील कागद पुष्कळ झाले, बाकीचे दिवस स्वयंपाकघरात घाला. मटार सोलणं, शेंगा फोडणं, कडव्या वालांची सालं काढणं, कणकेच्या गोळ्याचे बारीक गोळे वळणं, दोरीवरच्या कपड्यांना चिमटे लावणं. खरं सांगायचं तर चिमटे लावणाऱ्या मुलाला माझ्या अर्ध्या उपक्रमांची गरज नसते.

जपायचं ते एवढंच: मणी, डाळी, टिकल्या घेऊन बसलात की तिथून उठू नका, घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर अजिबात नाही. माझ्याच वर्गात, मी समोर असताना, एका मुलाने चवळीचा दाणा नाकात घातला होता. चित्रात डाळ भरायचा उपक्रम होता, मी हौसेने निवडलेला. दाणा ओलाव्याने फुगला आणि डॉक्टरांकडे पळावं लागलं. तेव्हापासून कडधान्यं मी फक्त मोठ्या गटाला देते, तीही मोजून, आणि मोजून परत घेते.

राहता राहिले तुमच्याकडचे उरलेले अडतीस कागद. ते रद्दीत घालू नका. झेरॉक्सवाल्याला परत पैसेही देऊ नका. दोन-दोन कागद पाठीला पाठ चिकटवा, वाळले की कार्डपेपरइतके ताठ होतात. मग स्केलने दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या आखून कापून ठेवा आणि उद्या सकाळी एक पट्टी आणि कात्री मुलासमोर ठेवून आपण शेजारी दुसरी पट्टी कापत बसा, त्याला काही न सांगता. ठिपक्यांच्या ‘अ’चे दोन तुकडे झाले तर होऊ द्या.